पोस्टमास्टरच्या मेलबॉक्समध्ये ११ हजार न वाचलेले मेल: मेल सर्व्हरच्या अलर्टचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

साधारण २०० मेलबॉक्स असलेली एक संस्था, स्वतःचा एकच मेल सर्व्हर, लिनक्सवर पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा प्रोग्रॅम) आणि डव्हकॉट (मेलबॉक्समधले मेल वाचू देणारा), आणि तो सांभाळायला आम्ही दोघं. दोघांचंही मुख्य काम दुसरंच, त्यामुळे मेल सर्व्हर म्हणजे "चालू आहे ना, मग हात लावू नकोस" या वर्गातली गोष्ट. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय, बाकी घडलं तसं लिहितोय.

अलर्ट अजिबात नव्हते असं नाही, हे आधीच सांगतो कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. पोस्टफिक्स मुळातच डिस्क वगैरे साधनं कमी पडली किंवा सॉफ्टवेअरमध्ये गडबड झाली तर पोस्टमास्टरला मेल टाकतो, नोटिफाय क्लासेस नावाच्या सेटिंगमध्ये रिसोर्स आणि सॉफ्टवेअर हे दोन प्रकार डिफॉल्ट असतातच. पोस्टमास्टर हा पत्ता तर प्रत्येक मेल सर्व्हरवर असावाच लागतो, आरएफसी ५३२१ हे ईमेलचं मानक तसं सांगतं. आमच्याकडे एलियस फाइलमध्ये (कोणत्या पत्त्याचा मेल कुठे वळवायचा याची यादी) पोस्टमास्टर रूटकडे (सर्व्हरचं मुख्य खातं), रूट एका "अॅडमिन" नावाच्या मेलबॉक्सकडे, आणि तो मेलबॉक्स त्याच सर्व्हरवर. क्रॉनचे (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांचे) मेल पण तिथेच, लॉगवॉचचा (लॉगचा सारांश काढणारा प्रोग्रॅम) रोजचा रिपोर्ट पण तिथेच. त्याचा पासवर्ड आधीच्या माणसाने सेट केलेला. आम्ही चार्ज घेतला तेव्हा एकदा उघडून बघितला होता, मग नाही.

काय झालं

सोमवारी सकाळी पावणेदहाला पहिला फोन, "सर, मेल जात नाहीये, एरर येतोय, आणि बाहेरून पण काही आलेलं नाही." जुने मेल दिसत होते, लॉगिन होत होतं, म्हणून मी आधी फोन करणाऱ्या बाईंच्या लॅपटॉपवरच संशय घेतला. पाच मिनिटांत आणखी तीन फोन. सर्व्हरवर गेलो तर लॉगमध्ये एकच ओळ धबधब्यासारखी वाहतेय, ४५२ ४.३.१ इनसफिशियंट सिस्टम स्टोरेज, म्हणजे जागा पुरत नाही.

व्हार पार्टिशन (डिस्कचा लॉग आणि मेलची रांग असलेला भाग) भरलं होतं. मोकळी जागा मेसेज साइझ लिमिटच्या दीडपटीपेक्षा कमी झाली की पोस्टफिक्स नवीन मेल घ्यायचं थांबवतो. आमचं लिमिट २५ एमबी, म्हणजे साडेसदतीस एमबीच्या खाली गेलं की दार बंद. मेलबॉक्स वेगळ्या पार्टिशनवर होते म्हणून वाचणं चालू आणि घेणं-पाठवणं बंद, असा तो प्रकार.

मागे मागे जाऊन लॉग वाचला तेव्हा क्रम असा लागला. शुक्रवारी रात्री ११:२० ला हिशेब विभागातल्या एका खात्यावर बाहेरून लॉगिन, पासवर्ड बरोबर. (तोच पासवर्ड दुसऱ्या कुठल्या तरी साइटवर पण होता, हे नंतर कळलं.) मग त्या खात्यावरून स्पॅम सुरू. समोरचे सर्व्हर नाकारायला लागले तसा डिफर्ड क्यू (पुन्हा पाठवायला थांबलेल्या मेलची रांग) फुगत गेला, शेवटी ६१ हजार मेसेज. शनिवारी पहाटे ३:४० ला डिस्क भरली आणि गंमत म्हणजे त्यामुळेच स्पॅम पण थांबला, सर्व्हरने त्याचेही मेल घ्यायचं बंद केलं. तिथून सोमवार सकाळपर्यंत ५४ तास सर्व्हर सगळ्यांनाच "नंतर या" म्हणत होता.

आता ६१ हजार स्पॅम मेल म्हणजे जेमतेम सव्वा जीबी. २० जीबीचं पार्टिशन त्याने कसं भरलं? तर ते आधीच ९३ टक्के भरलेलं होतं, कारण महिन्यापूर्वी एका युजरच्या तक्रारीसाठी डव्हकॉटचा डीबग लॉग (चूक शोधायला बारीकसारीक सगळं लिहिणारा) चालू केला होता आणि बंद करायचा राहिला. मीच केला होता चालू.

दुपारी त्या अॅडमिन मेलबॉक्सचा पासवर्ड रीसेट करून उघडला. ११ हजारांच्या वर न वाचलेले. शनिवारी पहाटेची पोस्टफिक्सची सूचना तिथे होती, सगळ्या सेशनच्या संवादासकट, व्यवस्थित. लॉगवॉचच्या रिपोर्टमध्ये गेले तीन आठवडे रोज डिस्कचा आकडा चढत होता, ७१, ७४, ७८. सर्व्हरने सांगायचं तेवढं सांगितलं होतं.

तातडीने काय केलं, आणि काय सुटलं

आधी जुने डीबग लॉग उडवून जागा केली म्हणजे मेल यायला लागले. ४५२ हा तात्पुरता नकार असल्यामुळे पाठवणाऱ्यांचे सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतात, बरेच जण पाच दिवसांपर्यंत, म्हणून अडकलेले बहुतेक मेल दुपारपर्यंत आपोआप येऊन पडले. कायमचा ५५० वगैरे गेला असता तर मात्र तोंड दाखवायला जागा नव्हती.

त्या खात्याचा पासवर्ड बदलला, आणि इथे एक बारकावा, पासवर्ड बदलला तरी आधीच उघडी असलेली आयमॅप सेशन्स (मेल वाचायच्या जोडण्या) चालूच राहतात, ती वेगळी तोडावी लागतात. ते लक्षात यायला मला एक तास लागला. क्यूमधले मेसेज लगेच डिलीट न करता आधी होल्डवर टाकले, त्यात चार खरे मेल सापडले, मग बाकीचे उडवले. सर्व्हरचा आयपी दोन ब्लॉकलिस्टवर (स्पॅम पाठवणाऱ्यांच्या यादीवर) गेला होता, तो निघायला तीन दिवस.

मग गुरुवारी सहकाऱ्याने लॉग बघता बघता विचारलं, "हा पत्ता कोणाचा रे? हिशेबच्या मॅडमना काही आलं की लगेच एक मेल इकडे पण जातोय." खात्याच्या फोल्डरमध्ये बघितलं तर सीव्ह फिल्टरची (आलेल्या मेलचं काय करायचं त्याचे नियम) एक फाइल, तीन ओळींची. पहिल्या ओळीत रिक्वायर, दुसरी मोकळी, तिसरीत रीडायरेक्ट (मेल दुसऱ्या पत्त्याला पाठव), कॉपी असा टॅग लावून. कॉपी असल्यामुळे मूळ मेल इनबॉक्समध्ये पडतच होता, मॅडमना कळायचं कारणच नाही. फाइलची वेळ शुक्रवार रात्री ११:२६. म्हणजे आत आल्यावर सहाव्या मिनिटाला त्याने आधी हे करून ठेवलं, स्पॅम त्यानंतर. पासवर्ड बदलून, क्यू साफ करून, "झालं आता" असा मेल सगळ्यांना पाठवून आम्ही तीन दिवस निवांत होतो आणि हिशेब विभागाचे मेल बाहेर चालले होते.

डिस्क भरल्याचं इतकं लागलं नाही जितकं हे लागलं, कारण डिस्क भरली की कोणीतरी ओरडतंच. फॉरवर्ड लागणं, नवीन एलियस बनणं, कोणाला अॅडमिनचे हक्क मिळणं, ही घटना घडते आणि पुढे सगळं नीट चालू दिसतं.

कोणते पर्याय होते

बैठक झाली, म्हणजे आम्ही दोघं आणि आमच्या वरचे साहेब. साहेबांचं पहिलं वाक्य, "प्रत्येक गोष्टीचा मेल लावा." ते त्या दिवशी पटलं पण. सगळ्यात सोपं होतं ते म्हणजे एलियस बदलून अॅडमिन मेलबॉक्सऐवजी आमच्या दोघांच्या मेलवर सगळं वळवायचं. पाच मिनिटांचं काम. पण आमचे मेलबॉक्स त्याच सर्व्हरवर, म्हणजे आग लागलेल्या घरातूनच फोन करायचा. बाहेरच्या वैयक्तिक मेलवर वळवून बघितलं तर पहिले काही अलर्ट स्पॅममध्ये गेले, कारण क्रॉनचा मेल रूट अॅट होस्टनेम असा जातो, त्या होस्टनेमला ना एसपीएफ ना डीकेआयएम (मेल खरंच त्या डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या गोष्टी).

दुसरा पर्याय पूर्ण मॉनिटरिंग, झॅबिक्स किंवा प्रोमीथियस आणि अलर्टमॅनेजर. सहकारी याच्या बाजूने होता, त्याला ते येतंही. माझं म्हणणं असं की एक सर्व्हर सांभाळायला आपल्याला वेळ नाही तिथे त्याच्यावर नजर ठेवणारा दुसरा सर्व्हर कोण सांभाळणार, त्याचं अपग्रेड, त्याची डिस्क. पाच-सहा सर्व्हर असते तर मी हो म्हटलं असतं, अजूनही म्हणेन.

तिसरा म्हणजे मॉनिट (त्याच सर्व्हरवर चालून नजर ठेवणारा छोटा प्रोग्रॅम), चार लहान स्क्रिप्ट आणि अलर्ट पाठवायला पूर्ण वेगळा रस्ता. एमएसएमटीपी नावाचा छोटा प्रोग्रॅम पोस्टफिक्सला न विचारता थेट बाहेरच्या प्रोव्हायडरच्या पोर्ट ५८७ वर लॉगिन करून मेल देतो, पाठवणारा पत्ताही त्याच प्रोव्हायडरच्या डोमेनचा, म्हणजे स्पॅमचा प्रश्न मिटला आणि आपला क्यू तुंबलेला असला तरी अलर्ट निघतो. हाच घेतला.

पहिली रचना आणि ती का फसली

उत्साहाच्या भरात सगळं लावलं. सर्व्हिस बंद, चालू, क्यू, डिस्क, रूट लॉगिन, सुडो (रूटच्या हक्काने कमांड चालवणं), प्रत्येक पासवर्ड बदल, आणि फेलटूबॅनने (चुकीचे पासवर्ड मारणाऱ्यांना अडवणारा प्रोग्रॅम) आयपी ब्लॉक केला की प्रत्येक वेळी एक मेल. इंटरनेटवर उघड्या असलेल्या मेल सर्व्हरवर पासवर्ड मारून बघणारे बॉट चोवीस तास असतात, पहिल्याच रात्री ३४० मेल. दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याने आपल्या मेलमध्ये फिल्टर लावून ते सगळे एका फोल्डरला ढकलले, मी काही लावला नाही पण विषय न वाचता सिलेक्ट ऑल करायला लागलो. दोन आठवड्यांनी त्याच्या त्या फोल्डरचा आकडा बघितला, चार हजारांवर. म्हणजे आम्ही नवा अॅडमिन मेलबॉक्स बनवला होता, फक्त बाहेरच्या प्रोव्हायडरवर.

तिथे थांबून उलटा प्रश्न विचारला. रात्री दोन वाजता हा मेल आला तर मी उठून नक्की काय करणार? उत्तर "काही नाही, सकाळी बघेन" असेल तर तो अलर्ट नाही, तो रिपोर्ट. फेलटूबॅनने ब्लॉक केलं म्हणजे काम झालेलं आहे, मला सांगायची गरजच नाही. ही एक चाळणी लावल्यावर २३ प्रकारांचे ८ राहिले, बाकी रोज सकाळी एका रिपोर्टमध्ये.

शेवटी काय लावलं

क्यूची मर्यादा अंदाजाने न ठेवता आधी दोन आठवडे दर पाच मिनिटांनी नुसता आकडा लिहून ठेवला. आमचा डिफर्ड क्यू एरवी २० ते ४० असतो, परिपत्रक गेलं की १५० पर्यंत. म्हणून ३०० च्या वर सलग दहा मिनिटं राहिला तरच अलर्ट, आणि १०० च्या खाली आला की "निवळलं" असा एकच मेल. मधे तो ३०० च्या आसपास वरखाली नाचत असेल तरी मेल नाही.

खात्यामागे ताशी किती मेल हा दुसरा. पोस्टफिक्सचा स्वतःचा रेट लिमिट क्लायंटच्या आयपीवर चालतो, युजरनेमवर नाही, आणि आमच्या स्पॅमवाल्याने एकच खातं वेगवेगळ्या आयपींवरून वापरलं होतं, म्हणजे तो लिमिट असूनही उपयोग नव्हता. लॉगमध्ये प्रत्येक सबमिशनबरोबर एसएएसएल युजरनेम (लॉगिन केलेल्या खात्याचं नाव) येतं, ते मोजणारी स्क्रिप्ट लिहिली, तासात १५० च्या वर गेलं की अलर्ट.

डिस्कला ८० आणि ९० टक्के, पण नुसती जागा नाही, आयनोड (प्रत्येक फाइलला लागणारी डिस्कवरची नोंद) पण. क्यू म्हणजे हजारो लहान फाइली, जागा शिल्लक असून आयनोड संपले तरी सर्व्हर तसाच बसतो.

सर्टिफिकेटचं वेगळं सांगायला हवं. आम्ही लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची सर्टिफिकेट (सर्व्हर खरा आहे हे दाखवणारी) वापरतो, ९० दिवसांची. पूर्वी मुदत जवळ आली की त्यांच्याकडूनच मेल यायचा, ४ जून २०२५ पासून तो बंद झालाय, म्हणजे ती जबाबदारी आपलीच. आमची तपासणी फाइल न बघता पोर्ट ९९३ (मेल वाचायचं) आणि ५८७ (मेल पाठवायचं) वर खरंच कोणतं सर्टिफिकेट दिलं जातंय ते बघते, १४ दिवस राहिले की मेल. फाइल नवी झाली पण डव्हकॉट रीलोडच झाला नाही, असं होऊ शकतं. झालंही, पुढे.

आणि ते गुपचूप बदल. प्रत्येक सीव्ह फाइल, एलियस फाइल, पोस्टफिक्स आणि डव्हकॉटची कॉन्फिग फोल्डर, अॅडमिन गट, यांची दर दहा मिनिटांनी मागच्या प्रतीशी तुलना. बाहेरच्या डोमेनला जाणारा रीडायरेक्ट सापडला तर लगेच अलर्ट, नुसता सुट्टीचा ऑटो रिप्लाय लावला तर रिपोर्टमध्ये.

अलर्ट कसा दिसतो त्यावर आम्ही जितका वाद घातला तितका बाकी कशावर नाही. आधी विषयाची ओळ क्रॉन आणि कमांडचं नाव अशी असायची, फोनच्या स्क्रीनवर त्यातलं काहीच कळत नाही. आता असा येतो:

"[गंभीर] क्यू ४१२, मर्यादा ३००, १० मिनिटांपासून. सगळ्यात जास्त पाठवणारं खातं: हिशेब-३, तासात ३८०. आधी हे करा: खातं बंद, सेशन तोडा, क्यू होल्डवर. डिलीट नंतर. शेवटचा असाच अलर्ट: ४१ दिवसांपूर्वी."

यात मेलचा विषय किंवा मजकूर कधीच टाकायचा नाही हे ठरवलं, कारण अलर्ट बाहेरच्या प्रोव्हायडरकडे जातो.

मुद्दाम मोडून बघितलं

एका शनिवारी सगळ्यांना आधी सांगून व्हार पार्टिशनवर मोठी फाइल टाकून ते भरलं आणि फोनकडे बघत बसलो. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, काही नाही. स्क्रिप्ट पाठवण्याआधी मजकूर व्हार टेम्पमध्ये लिहीत होती, आणि व्हार टेम्प त्याच भरलेल्या पार्टिशनवर. शून्य बाइटची फाइल बनायची, लिहिताना एरर, आणि पहिल्या एररला थांबायचं असं आम्हीच स्क्रिप्टच्या वर लिहून ठेवलेलं, त्यामुळे ती गप बाहेर पडायची. डिस्क भरल्याचा अलर्ट डिस्क भरली की जात नव्हता! आता मजकूर फाइलमध्ये न लिहिता पाइपने थेट पाठवणाऱ्या प्रोग्रॅमकडे जातो. ही चाचणी केली नसती तर आम्ही त्या अलर्टवर विश्वास ठेवून बसलो असतो, पहिल्या वेळेसारखेच.

त्याच दिवशी सर्व्हरची नेटवर्क केबल पण काढून बघितली. अर्थातच काही आलं नाही, येणार कसं. म्हणून बाहेरच्या एका लहान मशीनवर उलटं काम लावलं, दर १५ मिनिटांनी सर्व्हरच्या चाचणी मेलबॉक्सला एक मेल, तिथून ऑटो रिप्लाय, आणि तो परत आला नाही तर त्या मशीनने आमच्या फोनवर एसएमएस करायचा. आणि रोज सकाळचा रिपोर्ट सगळं ठीक असलं तरी येतोच, तो नाही आला तर हे बाहेरचं मशीनच आठवण करतं.

निष्पत्ती

आठ महिने झालेत. गंभीर अलर्ट एकूण १९ आले. त्यातले ५ फुकटचे, चार वेळा कोणीतरी निमंत्रण सगळ्यांना एकेक करून पाठवलं म्हणून आणि एकदा माझ्या स्क्रिप्टमधली चूक. एक खातं पुन्हा फुटलं, दुपारी, यावेळी १२ मिनिटांत बंद केलं, बाहेर गेले ते १८० च्या आसपास मेल, ब्लॉकलिस्टवर गेलो नाही. सर्टिफिकेटचं म्हटलं तसं झालं, रिन्यू व्यवस्थित पण रीलोडचा हुक (रिन्यू झाल्यावर आपोआप चालणारी कमांड) एका अपग्रेडमध्ये उडालेला, १४ दिवस आधी कळलं म्हणून कोणालाच काही दिसलं नाही. सीव्हच्या अलर्टमध्ये दोन जण स्वतःचे ऑफिसचे मेल वैयक्तिक पत्त्यावर फॉरवर्ड करताना सापडले, सोयीसाठी, चोरी वगैरे काही नाही. पण हा प्रश्न आमच्या हातातला नव्हता, तो साहेबांकडे दिला.

एक फसलं ते पण लिहितो. तिसऱ्या महिन्यात रात्री २:१० ला डिस्कचा ९० टक्क्यांचा अलर्ट, दोघांच्याही फोनवर. मी बघितला आणि म्हटलं तो बघेल, त्याने बघितला आणि त्याला वाटलं हा बघेल. सकाळी साडेआठला फोनवर, "झालं का ते?" "कुठलं?" नशिबाने रात्रीत तेवढं वाढलं नाही. तेव्हापासून आठवड्याआड पाळी आहे, पाळी असलेल्याने "बघतोय" एवढं उत्तर टाकायचं, २० मिनिटांत ते आलं नाही तर दुसऱ्याला एसएमएस.

पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यात आधी रस्ता आणि वाचणारा ठरवेन, घटनांची यादी नंतर. आम्ही यादीपासून सुरुवात केली आणि दोन आठवडे वाया घालवले. पहिल्या दिवशी तीनच अलर्ट लावेन, डिस्क, खात्यामागे मेल आणि बाहेरचा रीडायरेक्ट, मग दर आठवड्याला एखादा वाढवेन, म्हणजे प्रत्येकाची मर्यादा नीट मोजता येते. खातं फुटलं की करायच्या गोष्टींच्या कागदावर सीव्ह तपासणं पासवर्डच्या लगेच खाली येईल, आता आलंय. आणि डीबग लॉग चालू करताना तो बंद करायची तारीख त्याच वेळी अॅट कमांडने (ठरल्या वेळी एकदा काम चालवणारी) लावून टाकतो, डोक्यात ठेवत नाही.

एक गोष्ट अजून मिटलेली नाही. कॉन्फिग आम्ही स्वतः बदलली तरी अलर्ट येतो, आणि सहकाऱ्याचं म्हणणं आहे की आपल्या दोघांची नावं त्यातून वगळावीत, उगाच कशाला आपल्याच कामाचे मेल वाचायचे. मी नाही म्हणतोय, कारण उद्या आमच्यापैकी कोणाचं खातं फुटलं तर तो बदल आमच्याच नावाने दिसणार. तूर्तास तडजोड अशी की बदल करण्याआधी एका फाइलमध्ये कारणाची एक ओळ लिहायची, ती ओळ असेल तर तो बदल रिपोर्टमध्ये जातो, नसेल तर अलर्ट येतो. गेल्या महिन्यात असे चार अलर्ट आले, चारही वेळा ओळ लिहायला मीच विसरलो होतो.